झुडपीला जंगल म्हणताय ना, मग वनहक्क कायदाही लावा : सहा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

मा. जिल्हाधिकारी साहेब, मॅडम
नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली

नमस्कार जी.

सहाही जणांना एकच पत्र लिहितोय कारण सहाही जिल्ह्यांत भानगड एकच आहे, फक्त गट नंबर बदलतात. मी धानपट्ट्यातल्या एका गावच्या वनहक्क समितीचा (वनजमिनीवरचे गावकऱ्यांचे दावे तपासणारी गावातलीच समिती) सचिव आहे. धंदा म्हणाल तर थोडं धान आणि एक झेरॉक्सचं दुकान, अन् झेरॉक्सचं दुकान आहे म्हणूनच सचिव केलं लोकांनी, कागद फुकट होतील म्हणून. गावाचं नाव मुद्दाम टाकलं नाही. टाकलं तर उद्या मोजणी आमच्याच गावापासून सुरू होईल असं समितीतल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं पडलं आणि ते काही अगदीच खोटं नाही.

विषय झुडपी जंगलाचा, म्हणजे गावाभोवतालची झुडपं-पडीत जमीन जी रेकॉर्डला या नावानं लिहिली आहे तिचा. २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हापासून गावात जो तो दुकानात येऊन विचारते, माझं घर राहते का जाते, माझी बांधी (धानाचं शेत) राहते का जाते. मी काय सांगू. पेपरात एक दिवस हेडिंग येते गरिबांना दिलासा, दुसऱ्या दिवशी हेडिंग येते अतिक्रमणं हटणार, आणि दोन्ही खरं आहे, तेच तर.

निकाल मी जमेल तसा वाचला, एका ओळखीच्या वकिलाकडून समजूनही घेतला. मोटामोटी असं आहे की महसुली रेकॉर्डला झुडपी जंगल म्हणून नोंद असलेली जमीन ही सुप्रीम कोर्टाच्याच १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाप्रमाणे वनजमीनच धरायची. त्या तारखेच्या आधी सक्षम अधिकाऱ्यानं ज्यांना जमीन वाटली, मग घर असो, शेती असो, शाळा असो, स्मशान असो, ती अपवाद म्हणून वनातून वगळायला राज्यानं केंद्राकडं प्रस्ताव टाकायचा, आणि त्याला पर्यायी वनीकरणाची किंवा एनपीव्ही (गेलेल्या जंगलाचं मोल) भरायची अट नाही. ३ हेक्टरच्या आतले जे तुकडे कोणत्या जंगलाला लागून नाहीत ते संरक्षित वन म्हणून घोषित करायचे. आणि अतिक्रमण काढायला जिल्ह्या-जिल्ह्यात टास्क फोर्स. राज्य सरकार तर ८६,४०९ हेक्टर जमीन वनीकरणाच्या कामाची नाही म्हणून झुडपीतून बाहेर काढा म्हणत होतं, कोर्टानं ते मानलं नाही.

मी या निकालाच्या विरोधात लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ८६ हजार हेक्टर एका झटक्यात मोकळी झाली असती तर ती आमच्या वाट्याला आली असती असं ज्याला वाटते त्यानं एकदा कोणत्याही तालुक्याच्या हायवेवर चक्कर मारावी. झुडपीवर ले-आउट पडलेत, ढाबे झालेत, कोणाच्या गोडाऊनचं कंपाउंड दर दोन-तीन वर्षांनी चार पावलं पुढं सरकते. आमच्याच गावात ज्याच्याकडं वीस एकर आहे त्यानंही झुडपीत दोन एकर ओढलीत आणि ट्रॅक्टर त्याचा असल्यानं कोणी बोलत नाही. हे थांबलं तर बरंच आहे. निकाल देणारे तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई साहेब स्वतः अमरावतीचे, त्यांना विदर्भाची जमीन काय ते कोणी सांगायची गरज नव्हती, आणि जुन्या घरांचा, शाळांचा विचार त्या निकालात दिसतोही.

पण मधल्या माणसाचं काय? म्हणजे ज्याला कोणी जमीन वाटली नाही, ज्याच्याकडं कोणत्याच साहेबाच्या सहीचा कागद नाही, पण ज्याच्या आजानं पळसं काढून बांधी केली आणि तेव्हापासून तिथं रोवणा (धानाची लावणी) होतो. तो १९९६ च्या अपवादात बसत नाही कारण वाटपच नाही. तो टास्क फोर्सच्या यादीत मात्र बरोबर बसते.

याच्यासाठी कायदा आहे आणि तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, कारण वनहक्क कायद्यात जिल्हास्तरीय समितीचे अध्यक्ष तुम्हीच आहात. २००६ च्या त्या कायद्यात वनजमीन कशाला म्हणायचं हे कलम २ मध्ये लिहून ठेवलंय, त्यात राखीव वन, संरक्षित वन तर आहेच पण अवर्गीकृत वन, सीमांकन न झालेलं वन, आणि वन म्हणून मानलेलं वन, सगळं आहे. म्हणजे आता कोर्टानंच सांगितलं की झुडपी हे वन आहे, तर मग झुडपीवर वनहक्क कायदा लागू झाला की नाही? माझ्या मते झाला. खरं तर आधीपासूनच होता.

आता आमच्या गावची गोष्ट सांगतो, ऑफिसचं नाव घेत नाही. आमच्या समितीनं वैयक्तिक दावे केले, नकाशे काढले, म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, ग्रामसभेचा ठराव लावला. त्यातले झुडपीवरचे जेवढे होते तेवढे सगळे परत आले, शेरा काय तर सदर जमीन महसूल विभागाची असल्यामुळे वनहक्क कायदा लागू होत नाही. बरं. मग त्याच जमिनीवर अतिक्रमण नियमित करा म्हणून महसूलकडं अर्ज केला तर उत्तर आलं की सदर जमीन झुडपी जंगल असल्यामुळे वन संवर्धन कायदा १९८० लागू होतो, आम्हाला अधिकार नाही. दोन्ही कागद माझ्या दुकानात एकाच फाइलमध्ये आहेत, कोणाला पाहिजे तर झेरॉक्स देतो. मागायला गेलो की ती जमीन महसूलची असते, काढायला आले की ती वनाची होते. आता निकालानंतर निदान एवढं तरी झालं की ती कोणाची हे ठरलं. तर मग ते ठरल्याचा फायदा फक्त काढणाऱ्यालाच काहून मिळावा, मागणाऱ्यालाही मिळू द्या.

माझी मुख्य मागणी एवढीच आहे. झुडपी जंगलावरून कोणालाही उठवायच्या आधी, कोणताही तुकडा संरक्षित वन म्हणून घोषित करायच्या आधी, त्या गावाचे वनहक्काचे दावे, वैयक्तिक आणि सामूहिक दोन्ही, झुडपीच्या गटांसकट मागवा, तपासा, निकाली काढा. ही काही मेहरबानी नाही. त्याच कायद्याच्या कलम ४ (५) मध्ये सरळ आहे की हक्क मान्य करायची आणि पडताळणीची प्रक्रिया पूर्ण झाल्याशिवाय वनात राहणाऱ्या कोणालाही त्याच्या कब्जातल्या जमिनीवरून काढता येत नाही. २०१९ ला फेब्रुवारीत दावे फेटाळलेल्यांना काढा म्हणून आदेश आला होता, तो पंधरा दिवसांच्या आत सुप्रीम कोर्टानंच थांबवला, कारण दावे कसे फेटाळले गेले हेच राज्यांना धड सांगता येईना. आमच्या शेऱ्यासारखे शेरे किती असतील त्यात.

आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात आली नाही अजून. वनहक्काच्या उपविभागीय समितीचा अध्यक्ष कोण, तर एसडीओ (उपविभागीय अधिकारी). निकालाप्रमाणे त्या छोट्या तुकड्यांवर नवीन अतिक्रमण होऊ नये याची जबाबदारी कोणावर, तर एसडीएम, म्हणजे तोच माणूस. टास्क फोर्समध्येही तोच. म्हणजे सकाळी ज्याच्यापुढं दावा मांडायचा, दुपारी त्याचाच जेसीबी. एसडीओ साहेब वाईट आहेत असं मी म्हणत नाही, आमचे तर बरेच आहेत, ग्रामसभेत खाली सतरंजीवर बसतात. पण माणसाला एकाच वेळी दोन वही दिल्या की जी वही वरून तपासली जाते तीच भरली जाते. अतिक्रमण किती काढलं याचा महिन्याचा रिपोर्ट जाईल. दावे किती मंजूर केले याचा जाईल का? तुम्ही अध्यक्ष आहात, तुम्ही मागवला तर जाईल.

आता चराईचं. खरं म्हणजे माझ्या हिशोबानं घर आणि शेतीपेक्षा हे मोठं आहे पण याच्यावर कोणी बोलत नाही, कारण यात कोणा एका माणसाचं नाव नसते.

झुडपी कुठून आलं ते बघा. आमच्याकडं मालगुजारी होती, गाव मालगुजाराचं. पण गावाच्या भोवतालची पडीत, तिथं ढोरं चारायची, सरपण आणायचं, माती-मुरूम काढायचा, मयत जाळायचं, मेलेलं ढोर टाकायचं, हे सगळं गावाचं होतं आणि ते लिहूनही ठेवलेलं होतं, निस्तार म्हणून. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, ती पडीत सरकारजमा झाली, १९५६ ला विदर्भ मध्यप्रदेशातून इकडं आला, आणि त्या जमिनी झुडपी जंगल अशी नोंद घेऊन आल्या. निस्तार मात्र गेला नव्हता. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या वहिवाटीच्या हक्कांची नोंद) यांचं एक सबंध प्रकरण आहे आणि ते फक्त विदर्भाला लागू आहे, पुण्या-कोल्हापुराला नाही. कलम १६१ पासून पुढं. पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेल्या साहेबांना वाजिब-उल-अर्ज म्हटलं की ते आधी चष्मा काढतात. तुमच्या रेकॉर्ड रूमला ही निस्तार पत्रकं आहेत. आमच्या गावच्या पत्रकात आखर कुठं, ढोरं बसायची गोठण कुठं, कुंभाराच्या मातीची जागा कोणती, कोणता गट कोणत्या कामाला, सगळं नावानिशी आहे. आणि वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक हक्क मोजताना निस्तार हा शब्द सरळ घातलेला आहे. तर सामूहिक दाव्याचा पुरावा गावकऱ्यांना मागत बसण्यापेक्षा तुमच्याच रेकॉर्ड रूममधून तो काढून ग्रामसभेला द्या. नक्कल फी लागली तर आम्ही भरतो.

ते ३ हेक्टरच्या आतले तुकडे म्हणजे नेमकं काय असते हे वरून नकाशात दिसत नाही. एखादा तुकडा म्हणजे गावाचं आखर, जिथं सकाळी सगळी ढोरं जमतात. एखादा म्हणजे स्मशान. एखाद्यावर सिंदी आहे, तिचे फडे (झाडू) करून चार घरच्या बाया बाजारात विकतात. एखाद्यावर पळस आहे, मोहाची पाच-सात झाडं आहेत, बोरं आहेत, आणि बकऱ्या. ज्याच्याकडं शेती नाही त्याच्याकडं बकऱ्या असतात, आणि बकऱ्या गावाजवळच्या झुडपीवरच जगतात, कारण त्या चारणारी एक तर म्हातारी असते नाही तर शाळा सुटलेलं पोट्टं. हे तुकडे संरक्षित वन झाले, त्याच्यावर रोपवन आलं, नाली खोदली, तार आली, की ढोरं आणि बकऱ्या कुठं जातील? आत जातील, मोठ्या जंगलात. अन् आत कोण आहे ते चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्याच्या साहेबांना सांगायला नको. वाघानं गुराखी मारला की आपण म्हणतो जंगलात कशाला गेला होता. गावाजवळची चराई बंद केली म्हणून गेला होता ना बाप्पा.

रोपवनाचं म्हणाल तर त्यात आणखी एक गंमत आहे. खाणीला, रस्त्याला, कालव्याला कुठं तरी जंगल जाते, आणि त्याची भरपाई म्हणून झाडं लावायला जागा पाहिजे म्हणून नजर येते आमच्या झुडपीवर. जंगल गेलं एकाचं, खाण झाली दुसऱ्याची, चराई गेली तिसऱ्याची. कोर्टानं याला निकालात आळा घातलाय, वनेतर जमीन उपलब्धच नाही असं मुख्य सचिवांचं प्रमाणपत्र असल्याशिवाय झुडपी यासाठी द्यायची नाही. हे वाक्य कृपा करून तुमच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा, कारण ते प्रमाणपत्र निघायला वेळ लागणार नाही अशी मला भीती आहे.

ढोरं म्हटलं की गोवारी समाज आला. पिढ्यान्‌पिढ्या गावाची ढोरं चारणारे, ११४ जण नागपुरात २३ नोव्हेंबर १९९४ ला मोर्चाच्या चेंगराचेंगरीत गेले. २०२० च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं त्यांचा आदिवासी दर्जाचा दावाही नाकारला. मग वनहक्कात ते इतर पारंपरिक वननिवासी (म्हणजे आदिवासी नसलेले), ढिवर, कुंभार, बौद्ध यांच्यासारखेच, आणि त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा लागतो. इथंच सगळ्यात जास्त दावे मरतात. का, तर खालचे अधिकारी ७५ वर्षं त्याच तुकड्यावर कब्जा होता याचा कागद मागतात. तसं कायद्यात नाही. ७५ वर्षं त्या भागात राहणं आणि जंगलावर अवलंबून असणं दाखवायचं आहे, जमिनीचा कब्जा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा असला की झालं. आदिवासी मंत्रालयाचा खुलासाही आहे यावर. आणि पुरावा म्हणून म्हाताऱ्या माणसांचे जबाब चालतात हे नियम १३ मध्ये आहे. सॅटेलाइटचा फोटो दाखवून, यात तुमची बांधी दिसत नाही असं सांगून दावा फेटाळता येत नाही, फोटो जोडीला घ्यायचा असतो, बाकी पुराव्याच्या जागी नाही. पळसाखालची अर्ध्या एकराची बांधी वरून दिसणार तरी कशी.

पट्टा नसला की काय काय होत नाही हे एकदा ऐका. धान झालं तर आधारभूत केंद्रावर ऑनलाइन सातबारा पाहिजे, तो नाही, म्हणून सरकारचा भाव (२०२५-२६ ला क्विंटलला २,३६९ होता) बाजूला राहते आणि व्यापारी पाडून घेते. रानडुकरानं बांधी लोळवली तर नुकसानभरपाईला सातबारा. पीक कर्जाला सातबारा, मग सावकार आणि बचत गटाच्या नावाखाली आलेल्या फायनान्स कंपन्या. घरकुल मंजूर आहे, पहिला हप्ता अडकला, कारण जागा झुडपी. जागा विकत घ्यायला योजना आहे, १ लाखापर्यंत देतात, पण गावात एवढ्यात प्लॉट विकणारा कोणी असला तर मला सांगा. वनहक्काचा पट्टा घरालाही मिळतो, नुसता शेतीलाच नाही, हे आमच्या ग्रामसेवकाला मी कायदा उघडून दाखवलं तेव्हा पटलं. आणि तो पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो, विकता येत नाही, वारसाला जातो. ले-आउटवाल्याच्या हाती ही जमीन जाऊ नये अशी इच्छा असेल तर याच्यापेक्षा चांगला बंदोबस्त मला तरी माहीत नाही.

अंगणवाडी, शाळेची खोली, पाण्याची टाकी, पांदण रस्ता यांच्यासाठी वेगळा रस्ता आहे, कलम ३ (२). १ हेक्टरच्या आत जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाही, ग्रामसभेची शिफारस, जिल्ह्यातल्याच वनाधिकाऱ्याची मंजुरी, बस. त्याच्यासाठी दिल्लीला फाइल पाठवायची गरज नाही. तरी पण आमची अंगणवाडी समाजमंदिराच्या ओट्यावर भरते. सांगितलं तर म्हणतात बघू.

काही साहेबांच्या मनात असते, खुलं बोलत नाहीत, की लोकांना हक्क दिला तर ते जंगल साफ करतील. याला उत्तर तुमच्याच जिल्ह्यांत आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, अठराशे हेक्टरच्या वर, २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात देऊन गेले. जंगल तिथंच आहे. गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव बांबूवर रोजगार काढते. आणि झुडपीच्या बाबतीत तर मी पायविहीरचं नाव घेईन, अमरावती जिल्ह्यातलं, तुमच्या सहात नाही, पण २०१२ ला त्यांना जे रान मिळालं ते हिरवंगार नव्हतं, उजाड होतं, लोकांनी राखलं आणि तिथलं सीताफळ पार मुंबईला गेलं. आपलं आहे म्हटल्यावर राखायला माणूस जागतो. बीटगार्डला चार गावं एकट्यानं पाहायची असतात, तो कुठं कुठं जागेल.

आता करायचं काय ते लिहितो आणि थांबतो. तुमच्या जिल्ह्यात झुडपीच्या ज्या याद्या बनत आहेत, १९९६ च्या आधीचं वाटप, नंतरचं वाटप, तुकडे, अतिक्रमण, त्या तहसीलमध्ये बसून बनत आहेत. त्या गावात आणा. गावाप्रमाणे गट नंबर आणि क्षेत्र ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा, तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) ग्रामसभेत ती वाचायला लावा, वनहक्क समितीला सोबत घेऊन प्रत्येक तुकड्यावर जा आणि तो कशाला वापरला जातो ते लिहून घ्या. महसूलची जमीन आहे या एका शेऱ्यावर जे दावे आजवर फेटाळले ते सगळे, अपिलाची मुदत गेली असं न म्हणता, परत उघडा, कारण तो शेरा आता सुप्रीम कोर्टाच्या निकालानंच चुकीचा ठरवला. काढायचंच आहे तर ढाबे, ले-आउट आणि गोडाऊनपासून सुरुवात करा, आणि आमच्या गावातल्या त्या वीस एकरवाल्यालाही सोडू नका, नाव पाहिजे तर समोर येऊन देतो.

रोवणे संपले की लोक रिकामे होतात, दिवाळीच्या आधी धान कापणीला येते. मधल्या दीड-दोन महिन्यांत ग्रामसभा लावली तर निम्मे लोक आणि त्यात तिसरा हिस्सा बाया हा कोरम आमच्याकडं आरामात भरतो. मे महिन्यात लावू नका, तेंदूपत्त्याच्या सीझनला गावात कोणी सापडत नाही. तारीख आठ दिवस आधी कळवा, दवंडी आम्ही देतो, नकाशाच्या झेरॉक्स माझ्याकडून.

आपला,
सचिव, वनहक्क समिती
झुडपीच्या सहा जिल्ह्यांतलं एक गाव